‘उतरेल’ म्हणून वाट पाहू नका

“ताई, आज भाजणीला येत नाही मी. हे अजून उठले नाहीत. गटारीची उतरली नाही बहुतेक.”

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचा हा फोन. तिचं नाव सांगत नाही. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणतात, आपणही वहिनीच म्हणू. २०२४ साली दिव्यांची अवस रविवारी, ४ ऑगस्टला आली होती. अवस आणि रविवार एकत्र, मग काय, गावभर गटारीचा जोर होता. दुसऱ्या दिवशी पहिला श्रावणी सोमवार. आमच्या गटाकडे उपवासाच्या भाजणीची मोठी ऑर्डर होती आणि मी तिच्याच गडबडीत होते. “बरं, उद्या ये,” म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात माझ्या मनात आलं, आज तर मंगळवार!

“अगं, रविवारची मंगळवारपर्यंत कशी उतरली नाही?” मी विचारलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, “अंग गरम लागतंय. खोकतात पण. पण खोकला काय, नेहमीचाच आहे.”

भाजणी दुसरीवर सोपवून मी तिच्या घरी गेले. वहिनीचा नवरा टेम्पो चालवतो. वय बेचाळीस, पण दिसतो पन्नाशीचा. कॉटवर आडवा पडला होता. सासूबाई लिंबाचं पाणी घेऊन बसल्या होत्या. सोमवारी जवळच्या एका डॉक्टरांकडून सलाईन लावून आणलं होतं. “पित्त झालंय, दारू बंद करा,” एवढं सांगून त्यांनी घरी पाठवलं होतं. संध्याकाळी हात थरथरायला लागले म्हणून दिरानं ‘उतारा’ म्हणून थोडी पाजलीही होती. प्रत्येकानं आपापल्या परीनं उपाय केला होता. पण सगळ्यांचा आजार एकच ठरलेला होता : दारू.

मी जवळ जाऊन पाहिलं. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ काळेनिळे दिसत होते. मला ओळखत असूनही त्यानं मला मावशी म्हणून हाक मारली आणि टेम्पोची किल्ली मागितली. मी घड्याळ समोर धरून त्याची छाती वर-खाली होताना मोजली. एका मिनिटात अडतीस वेळा.

१०८ ला फोन लावला. तासाभरात आम्ही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होतो. एक्स-रे काढला तेव्हा उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग पांढराफटक दिसला. डॉक्टर म्हणाले, “न्यूमोनिया आहे, आणि साधा नाही. अजून एक दिवस घरी ठेवलं असतं तर कठीण होतं.”

वहिनी भिंतीला टेकून मटकन खाली बसली. “मला वाटलं उतरेल,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मैत्रिणींनो, हा ‘उतरेल’ शब्द किती घरांत किती वेळा उच्चारला जात असेल! दारू पिणाऱ्या माणसाच्या प्रत्येक दुखण्याला आपण दारूच्या खात्यावर टाकतो. उलटी झाली, दारूची. बडबडतोय, दारू. उठत नाही, दारू. त्याच्या आड खरंखुरं दुखणं लपून बसलं तर ते दिसायचं कसं? आज मला त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

दारू पोटात, मग दुखणं छातीत कसं?

हा प्रश्न मला वहिनीनंच विचारला. “ताई, दारूनं लिव्हर जातं हे ऐकलं होतं. फुप्फुसाचं कुणी बोललं नव्हतं.” खरं तर तोवर मीही कधी नीट समजून घेतलं नव्हतं. त्या पंधरा-सोळा दिवसांत वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून विचारून भंडावून सोडलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपण जेवताना बोललो आणि एखादं शीत चुकीच्या वाटेनं गेलं, की काय होतं? जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, पण शीत बाहेर पडतं. हा ठसका म्हणजे श्वासनलिकेच्या दारावरचा पहारेकरी. माणूस दारूनं बेशुद्धीत गेला की हा पहारेकरीही झोपतो. मग तोंडातली लाळ, पोटातून वर आलेली उलटी, अन्नाचे कण हे सगळं गुपचूप फुप्फुसात उतरतं. ठसकाही लागत नाही. उताणा झोपलेला असेल तर धोका आणखी वाढतो. त्यात रोज पिणाऱ्याचं दात घासण्याकडे लक्ष नसतं. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या. म्हणजे जे आत जातं ते जंतूंनी भरलेलं.

पहारेकऱ्याच्या आत दुसरी सोय असते. श्वासनलिकेच्या अस्तराला अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, चिकट स्राव वर वर ढकलून बाहेर काढतात. घरातली केरसुणीच म्हणा ना! वर्षानुवर्षांच्या दारूनं ही केरसुणी मंदावते. जोडीला बिडी-सिगारेट असली तर मग विचारायलाच नको.

तिसरी सोय म्हणजे रक्तातल्या आणि फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशी. जंतू दिसला की त्याला गिळून टाकणं हे त्यांचं काम. सततच्या दारूनं त्या सुस्त होतात, जंतूंपर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत. आणि या सगळ्याला लागणारी ताकद कुठून यायची? पिणारा माणूस जेवत नाही. दोन घास भाकरी आणि बाकी बाटली. प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत. लिव्हर बिघडलेलं असेल तर जंतूंशी लढण्याची शक्ती आणखी खालावते.

म्हणजे दारावरचा पहारेकरी झोपलेला, केर काढणारी दमलेली, घरची माणसं उपाशी. अशा घरात चोर शिरला तर नवल ते काय?

हे काही आजचं ज्ञान नाही. कार्ल फ्रीडलेंडर नावाच्या जर्मन डॉक्टरांना १८८२ साली न्यूमोनियानं मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात एक जंतू सापडला. पुढे त्याला ‘क्लेब्सिएला’ हे नाव मिळालं. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांच्या न्यूमोनियाशी या जंतूचं नाव डॉक्टरी पुस्तकांत जोडलेलं आहे. तो फुप्फुसाचा भाग अक्षरशः कुजवतो. बेडका घट्ट, चिकट आणि लालसर पडतो. पुस्तकात त्याला लाल फळांच्या जेलीची उपमा दिली आहे. वहिनीनं तो पाहिला तेव्हा ती म्हणाली, “पेरूची जेली जरा जास्त आटली की होते ना, तसं.” बेडक्याच्या तपासणीत हाच जंतू निघाला आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध बदललं.

पण प्रत्येक पिणाऱ्याला याच जंतूचा न्यूमोनिया होतो असं नाही. एरवी इतरांना न्यूमोनिया ज्या ‘न्यूमोकॉकस’ जंतूमुळे होतो, तोच इथेही बऱ्याचदा असतो. फरक असा, की पिणाऱ्याच्या अंगात तो फार झपाट्यानं पसरतो. कधी जंतू रक्तात जातात, कधी फुप्फुसाभोवती पू साठतो. उलटी फुप्फुसात गेली असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी तिथं गळूही होऊ शकतं. मग ताप हटत नाही आणि बेडक्याला घाण वास येतो, इतका की शेजारी बसवत नाही. “दारूचा वास” म्हणून तोही सोडून दिला जातो! अशा गळवाला दोन-चार दिवसांच्या गोळ्या पुरत नाहीत, कित्येक आठवडे औषध चालतं.

आणि टीबी विसरून चालणार नाही. दारू पिणाऱ्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषधं फुकट आहेत. उपचार चालू असताना आहारासाठी महिन्याला मिळणारे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत.

एक प्रश्न आणि एक खोटं उत्तर

आता मला जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

वहिनीच्या नवऱ्याला दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, “दारू घेतात का? किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली?” वहिनीनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “घेतो कधीमधी, सणासुदीला.”

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण ते मी आधी ऐकलं होतं, आमच्याच घरात.

१९९८ साल. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचे धाकटे काका चांगल्या नोकरीत होते, इस्त्रीचे कपडे, गावात मान. रात्री दार लावून ते पीत असत. घरात सगळ्यांना ठाऊक, पण दाराबाहेर एक अक्षर नाही. एका पावसाळ्यात त्यांना ताप आला, छातीत दुखू लागलं. न्यूमोनिया निघाला. दवाखान्यात भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, “काही व्यसन?” आजी ताठ मानेनं म्हणाली, “सुपारीचं खांडसुद्धा नाही हो!” आई गप्प राहिली. मीही तिथेच उभी होते. मीही गप्प राहिले. घराण्याची अब्रू होती ना!

तिसऱ्या दिवशी काकांना झटके आले. मग ते असंबद्ध बोलू लागले, सलाईन उपटून पळू पाहत होते. ताप मेंदूत गेला असावा असं सगळ्यांना वाटलं. पाचव्या दिवशी काका गेले.

आमच्यापैकी कुणी खरं सांगितलं असतं तर काका वाचले असते का? मला ठाऊक नाही. आजार मोठाच होता. पण डॉक्टरांना अर्धीच गोष्ट सांगून आम्ही त्यांच्या हातात अर्धंच हत्यार दिलं, ही टोचणी गेली नाही. आजीला मी कधी दोष दिला नाही. तिला कोण समजावून सांगणार होतं? पण मी तर कॉलेजात शिकत होते!

म्हणून त्या मंगळवारी मी वहिनीचा हात धरला आणि म्हटलं, “वहिनी, इथं अब्रू नाही, इथं जीव आहे. आहे ते सांग.”

तिनं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. “रोज घेतात. बारा वर्षं झाली. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून आधी तीच लागते. काल संध्याकाळी दिरानं पाजली. त्याआधी दोन दिवस अन्नाचा कण नाही.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पण डॉक्टरांचा चेहरा मात्र मोकळा झाला. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. आता आम्हाला तयारीत राहता येईल.”

वॉर्डातली तिसरी रात्र

कसली तयारी, ते गुरुवारी रात्री कळलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. वहिनीचा नवरा अचानक उठून बसला. घामानं निथळत होता, हात लटलटा कापत होते. चादरीवरच्या मुंग्या झटकत होता. “या बघ, या बघ, भिंतीवरून पण येतायत!” मुंगी एकही नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या आजी कुजबुजल्या, “बाहेरचं काहीतरी आहे. उद्या पंचमी, कुणाला तरी दाखवा.”

सिस्टर मात्र शांत होत्या. म्हणाल्या, “घाबरू नका. दारू अचानक तुटली की असं होतं. आम्हाला कल्पना होती, औषध पहिल्या दिवसापासून चालू आहे.”

रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला इतकं सरावलेलं असतं, की ती एकाएकी बंद झाली तर मेंदू खवळतो. काही तासांतच हात कापू लागतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनासं होतं, नाडी जोरात चालते. उपचार नाही मिळाला तर यातही माणूस दगावू शकतो. आणि आधीच न्यूमोनियानं श्वास अपुरा पडत असेल तर दुहेरी संकट! नवऱ्यानं आजारपणात दारू सोडली म्हणून आपण देवाला नारळ फोडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला डॉक्टरांची सर्वांत जास्त गरज असते.

डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते हे शांत करणारी औषधं वेळेवर देतात, श्वासावर लक्ष ठेवतात. शिवाय अशा रुग्णात ‘बी-१’ जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. ही साधी गोष्टसुद्धा, रुग्ण पिणारा आहे हे कळलं तरच लक्षात येणार ना?

वॉर्डात मी आणखी एक प्रकार पाहिला. एका रुग्णाचा मित्र पाण्याच्या बाटलीतून दारू घेऊन आला होता. “थोडी दिली की शांत होईल,” म्हणे. असं चुकूनही करू नका. शांत करायचं काम औषधांवर सोडा. आडवं पडलेल्या, धाप लागलेल्या माणसाला दारू पाजणं म्हणजे पुन्हा तोच पहारेकरी झोपवणं.

श्वास मोजायला शिकू या

तुम्ही म्हणाल, हे सगळं डॉक्टरांना कळतं. आम्ही घरी बसून काय ओळखणार?

आपण बायका खूप काही ओळखतो. लेकराची छाती उडते का, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंनी आपल्याला शिकवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. १९९० साली ते काम जगापुढे आलं. अंक न येणाऱ्या सुइणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचं एक साधन तयार केलं होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणबाईला जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?

घड्याळ घ्या. माणूस शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट त्याची छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते मोजा. मोठ्या माणसाचे श्वास साधारण बारा ते वीस असतात. तीसच्या आसपास किंवा वर गेले तर वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. घरात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल तर लावून पाहा. आकडा ९४ च्या खाली असेल तर तेही धोक्याचं.

तापावर मात्र विसंबू नका. खूप पिणाऱ्या, खंगलेल्या माणसाला न्यूमोनिया होऊनही कधी कधी फारसा ताप येत नाही, अंग उलट गार पडतं. नशा आणि आजार यांतला फरक ओळखायचा सोपा हिशेब असा, की नशा तासातासाला उतरत जाते, आजार तासातासाला चढत जातो. रात्रीचा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भानावर येत नसेल, तर ती नशा म्हणून सोडायची नाही.

अशा माणसाला मेडिकलमधून दोन गोळ्या आणून देणंही बरं नव्हे. अँटिबायोटिकच्या चार गोळ्यांनी आजार दबतो, जात नाही. तापाच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्याही बिघडलेल्या लिव्हरला जास्त झाल्या तर घातक ठरतात. डॉक्टर सांगतील तेवढ्याच द्या.

सगळं बाईनंच का करायचं?

दवाखान्याच्या पायरीवर बसून वहिनीनं मला विचारलं होतं, “ताई, बारा वर्षं यानं माझा जीव खाल्ला. आता याचा श्वासही मीच मोजायचा?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. सुचू नयेच असा तो प्रश्न आहे. पगार बाटलीत जातो, मार बाईला बसतो आणि वॉर्डाबाहेरच्या फरशीवरही बाईच झोपते. त्याच्या आजाराला तू जबाबदार नाहीस, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती उशीर झाल्याबद्दल स्वतःला कोसत होती. पण बारा वर्षं जी बाई रोज ‘आज उतरेल’ म्हणत जगली, तिला हा मंगळवार वेगळा आहे हे कसं कळावं?

म्हणून हे काम फक्त बायकोचं समजू नका. भाऊ, मुलगा, शेजारी, टेम्पो-स्टँडवरचे सोबती, सगळ्यांना हे माहीत हवं. गटारीला सोबत पिणारे दहा जण होते, बेशुद्ध मित्राला कुशीवर वळवून झोपवणारा एक तरी हवा होता. आणि हो, पिणाऱ्या बायकाही आहेत आपल्यात. त्यांची तर दारूही लपवली जाते आणि दुखणंही. त्यांच्या वाट्याला उशीर आणखीच येतो.

आजारातून उठलेला माणूस थोडे दिवस घाबरलेला असतो. तीच वेळ साधायची असते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाच व्यसनमुक्तीचं विचारा. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथं रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत होतात, आणि घरच्या माणसांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ आहे. नवरा यायला तयार नसला तरी बाईनं एकटीनं जायला हरकत नाही. वहिनी आधी एकटीच गेली. तिथून आल्यावर म्हणाली, “पहिल्यांदाच कुणी मला ‘तू जेवलीस का’ विचारलं.”

बरं झाल्यावर डॉक्टरांना न्यूमोनियाच्या आणि फ्लूच्या लशीबद्दलही जरूर विचारा. दीर्घकाळ पिणाऱ्यांना आणि लिव्हरचा आजार असणाऱ्यांना न्यूमोकॉकसची लस घ्यायला सांगतात. मोठ्यांना ती बहुधा पैसे देऊन घ्यावी लागते.

दिव्यांची अवस

वहिनीचा नवरा सोळा दिवसांनी घरी आला. वजन नऊ किलोनं उतरलं होतं. उपचार आणि समुपदेशन झालं. तो त्या दिवसापासून सुधारला आणि ते सुखानं नांदू लागले असं लिहायला मला आवडलं असतं. पण दिवाळीत तो एकदा घसरला. वहिनी त्याला परत सभेला घेऊन गेली. तेव्हापासून बंद आहे. उद्याचं वहिनीही सांगत नाही. “आजचा दिवस गेला,” एवढंच म्हणते.

२०२५ साली २४ जुलैला दिव्यांची अवस आली. मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. तिनं घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले होते, कणकेचे गोड दिवे उकडले होते. नवरा कोपऱ्यात बसून पोरीच्या सायकलची चेन बसवत होता. गटारीच्या नादात ही अवस मुळात दिव्यांची आहे, हे आपण विसरूनच गेलो आहोत नाही का?

आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. गटातल्याच एकीचा होता. तिचे भावजी आदल्या दिवशीपासून पडून होते. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. वहिनीचं तेवढं ऐकू आलं.

“उतरेल म्हणून बसू नको. आधी घड्याळ घे आणि त्यांचा श्वास मोज. मी फोन धरून आहे.”

लक्षात ठेवा

• नशेत झोपलेल्या माणसाला उताणं ठेवू नका. कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा आणि कुणीतरी जवळ राहा.

• अर्धवट शुद्धीतल्या माणसाला लिंबूपाणी, ताक, जेवण, काहीही पाजू-भरवू नका. बोटं घालून उलटी काढू नका.

• धाप, छातीत कळ, निळसर ओठ, असंबद्ध बोलणं, फिट, लालसर किंवा घाण वासाचा बेडका यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा.

• डॉक्टरांना चार गोष्टी न लाजता सांगा : किती पितात, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, शेवटचं जेवण कधी.

• रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

• रुग्णालयात दाखल केल्यावर सरकारी आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे तिथल्या ‘आरोग्यमित्रा’ला विचारा.